गणवीर काका आणि आमची भिंत

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी गेलं की गणवीर काका मयताच्या घरी नंतर जातात, आधी आमच्याकडे येतात. येतात ते भिंत बघायला. ओल्या फडक्याने आमच्या घराची गल्लीकडची भिंत पुसून काढतात, दोन पावलं मागे सरतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "जमते." मग चपला घालून रडायला जातात.

रायपूरच्या गुढियारी भागात त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर आहे. मध्ये गल्ली, तिच्यातून एक ऑटो जाऊ शकतो आणि दुसरा शिव्या देऊ शकतो. आमची भिंत पांढरी आहे, म्हणजे रंग दिला त्या आठवड्यात होती. नंतर इथल्या कारखान्यांची काळी धूळ बसत जाते. ही धूळ कुठेही बसते. वाळत घातलेल्या चादरींवर बसते, झाकलेल्या पाण्यावर बसते, आणि डॉक्टरांचं ऐकायचं तर माझ्या बाबांच्या छातीतही तीच बसली होती.

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात गेली. दुरुस्त झालेल्या वॅगनवर नंबर घालायचा, हे त्यांचं काम. आकडे कापलेला पत्रा वॅगनला लावायचा, वरून रंग मारायचा, पत्रा काढला की नंबर उमटलेला. रिटायर झाल्यावर वॅगन गेल्या, रंग गेला, हात मात्र थांबेनात. तेव्हा त्यांनी तेलाचे रिकामे पिपे उघडून सपाट केले आणि छिन्नीने त्यांत आकड्यांऐवजी वाक्यं कापायला घेतली. पत्र्यामागे स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब, जुन्या बॅटरीवर जोडलेला. दिवेलागणीला काका आपल्या ओट्यावर पत्रा उभा करून बल्ब लावत, आणि ते वाक्य गल्ली ओलांडून आमच्या भिंतीवर येऊन बसे, हातभर उंचीच्या पिवळ्या अक्षरांत. भिंत आमची, पण आम्हालाच ते दिसत नसे. बघायचं तर घराबाहेर पडून त्यांच्या ओट्यावर जावं लागे.

ही वाक्यं मेलेल्या माणसांची. आमच्या समाजात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. वंदना होते, भाषणं होतात, जेवण होतं. भाषणांत प्रत्येक मयत मनमिळाऊ, हसतमुख आणि कष्टाळू असतो. काका मान खाली घालून हे ऐकत, आणि जेवताना शेजारच्याला विचारत, "एवढे हसतमुख लोक राहत होते या पाऱ्यात, तं मले एकबी काहून नाही भेटला?"

म्हणून मग ते स्वतः लिहू लागले. चक्कीवाल्या खोब्रागडे बाई गेल्या तेव्हा आमच्या भिंतीवर उमटलं: "गरम पिठात हात घालून ज्याचं त्याला सांगायची, तुझ्या गव्हात खडे आहेत. खडे मात्र तिनेच वेचले." पलीकडच्या गल्लीतल्या वासनिकांसाठी लिहिलं: "मागून नेलेली शिडी कधी परत केली नाही. पण कोणाचं छप्पर गळलं की शिडी घेऊन हाच आला." वासनिकांचा मुलगा चिडला. बापाची बदनामी झाली म्हणाला. त्याची आई मात्र भिंतीसमोर उभी राहिली ती हलेचना. "असाच होता," एवढंच म्हणत होती. त्या दिवसापासून पाऱ्यात पत्र्याशिवाय कार्यक्रम होईना. लोक भाषणं ऐकताना आपसांत बोलत आणि पत्रा लागला की गप्प होत. पोरांना वाचता येई, अर्थ मात्र अर्धाच कळे. मग ती आपापल्या आयांना विचारत, "मम्मी, 'गळलं' मतलब?"

इथपर्यंत सगळं कौतुकाचं होतं. अडचण अशी की काका पत्रे आधी तयार ठेवत.

"पत्रा कापाले येळ लागते, माय," ते मला समजावत. "मरनारा थांबत नाही." त्यामुळे पाऱ्यातल्या साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसावर त्यांचा डोळा असे. कोणी दवाखान्यातून घरी आला की काका केळी घेऊन हजर. तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत आटपून मुद्द्यावर येत, "लहानपनी तुमाले कशाचं भेव वाटे?" माणूस आधीच घाबरलेला असे, त्यात हा प्रश्न. एकदा माझ्या आईला त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, तुमच्याबद्दल एखादी चांगली गोष्ट सांगा न. लय शोधून राहिलो, मले सापडून नाही राहिली." आईने पुढे बरेच दिवस त्यांना चहात साखर दिली नाही. चहा कसा लागतो, असं तिने विचारलं तर ते म्हणाले, "हव, हे चालन. हेच लिहितो."

जिवंत माणसाला त्याचा पत्रा दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यामागेही अनुभव होता. एका सज्जन गृहस्थाचा पत्रा त्यांनी फार मनापासून कापला होता, भावांवरच्या प्रेमाबद्दल. पत्रा पुरा झाला आणि गृहस्थाने सख्ख्या भावाला घराबाहेर काढलं. तो पत्रा आता काकांच्या मोरीच्या भोकावर ठोकलेला आहे, आणि त्या गृहस्थाचं बंधुप्रेम रोज उंदरांना दिसतं. "मेल्याचा भरोसा आहे," काका म्हणतात, "जित्याचा नाही."

माझे बाबा, देवराव मेश्राम, त्याच कारखान्यात फिटर होते. तुमसरकडच्या एकाच गावातून दोघं रायपुरात आले, एकाच खोलीत राहिले, पुढे समोरासमोर घरं बांधली. काकांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. ते आमच्याकडे येत ते भांडायला. पाण्याच्या टाकीवरून, निवडणुकीवरून, मुळ्याच्या भाजीवरून, कशावरूनही. बाबांनी "चूक आहे" म्हटलं की काकांचा चेहरा उजळत असे. मी नव्या रायपूरच्या ऑफिसातून बसने थकून यावं तर हे दोघं दारातच, कारखान्याचा भोंगा किती वाजता वाजत होता यावर एकमेकांची अक्कल काढत बसलेले. कारखाना सोडून त्यांना एक जमाना झाला होता.

मग बाबांची छाती गेली. दवाखान्यात बरेच दिवस ठेवलं, आणि एक दिवस तिथले डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "घर ले जाइए." याचा अर्थ कोणालाच समजावून सांगावा लागत नाही. आम्ही बाबांना आणलं, खाटेशेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर उभं केलं, आणि घरात खोटं बोलायला सुरुवात झाली. आई म्हणे, हवा बदलली का बरं वाटन. मी म्हणे, तोंडावर रंग आला आहे. भाऊ बिलासपूरहून फोनवर म्हणे, एकदम फिट लग रहे हो पापा. बाबा सगळ्यांना "हव, हव" म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत.

एक दिवस काका आले तेव्हा ते म्हणाले, "गणवीर, माहा पत्रा दाखव."

"कोनता पत्रा?"

"येड पांघरू नको."

काकांनी नियम सांगितला. बाबा म्हणाले, नियम घाल चुलीत. दुसऱ्या दिवशी बाबांनी परत मागितला. काका म्हणाले, बल्ब गेला. तिसऱ्या दिवशी बॅटरी उतरली. मग पत्र्याला गंज लागला, मग छिन्नीची धार गेली. बाबांचा एकच धोशा, त्यांना दुसरं काही नको होतं. जेवण समोर आलं की म्हणत, "तो का म्हनते?" आणि ताट सरकवून देत.

शेवटी मी रागातच गल्ली ओलांडली. काका ओट्यावर पिपा ठोकून सपाट करत होते. मी म्हटलं, "काका, बल्ब मी आनून देते, बॅटरी आनून देते. एवढं मागून राहिले बाबा, दाखवून टाका न एकदाचं. का पत्राच तयार नाही?"

"तयार आहे. कवाचाच तयार आहे."

"मंग?"

हातोडी थांबली. "मी तो पत्रा लावला, तं काय म्हनलं मी? का मेश्राम गेला. तो तं अजून बसला आहे तिकडं खाटेवर." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "माह्या हातानं नाही होत, माय."

ज्या माणसाने अर्ध्या पाऱ्याला जिवंतपणी कापून ठेवलं होतं, त्याला एक बल्ब लावता येत नव्हता. मला एकदम खूप वाईट वाटलं, पण मागे हटण्याची सोय नव्हती. मी म्हटलं, "बाबांले माहीत आहे, काका. घरात आमी सारेच खोटं बोलून राहिलो. त्यायले एक मानूस पाहिजे खरं बोलनारा. म्हनून तं तुमाले मागून राहिले."

काका मग उठले, फडकं ओलं केलं आणि गल्ली ओलांडून आमची भिंत पुसू लागले.

संध्याकाळी मी आणि शेजारच्या ऑटोवाल्याने बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, सिलिंडरसकट काकांच्या ओट्यावर नेलं. आईने आतून दार लावून घेतलं. "मी नाही पाहत तुमचं हे," ती म्हणाली. काकांनी पत्रा उभा केला, बाबांकडे न बघता बल्ब लावला. भिंतीवर आलं:

"देवराव मेश्राम.
कामावर कधी उशिरा आला नाही.
तोंडाने फटकळ, हाताने मऊ."

बाबा ओठ हलवत वाचत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "चूक आहे."

"काय चूक आहे?" काका.

"मी रोज उशिरा येवो. तू फाटकापाशी दरबानाले बोलन्यात गुतवत होता, अन मी मागून घुसत होतो."

काकांनी डोकं खाजवलं. "हव का? मले तं वाटे, तूच मले घुसवत होता."

यावर ते दोघं असे भांडले की ऑटोवाला मध्ये पडायला निघाला. बाबांना धाप लागली, मी नळी नीट केली. त्या रात्री ते वरणभात जेवले, आणि जेवता जेवता म्हणाले, "खोटं लिहून राहिला लेकाचा."

पत्र्यात कापलेलं अक्षर बुजवता येत नाही. चुकलेल्या ओळीवर मागून काळी पट्टी चिकटवायची आणि नवी ओळ दुसऱ्या पत्र्यात कापायची. म्हणजे दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी ओळ बदललेली होती, आणि खाली एक नवी आली होती: "सिनेमात कधी रडला नाही."

"खोटं," बाबा म्हणाले. "मी मारामारीच्या सिनेमातबी रडलो आहे. तू बाजूले बसून रुमाल देत होता."

तिसऱ्या दिवशी आलं, "बायकोला कधी उलटून बोलला नाही." बाबा तोंड उघडणार, तोच समोर आमचं दार धाडकन उघडलं. ऑटोवाल्याने ओळ मोठ्याने वाचली, ती आईला आत ऐकू गेली असावी. ती गल्लीत येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "कोनं लिहिलं हे? लग्नापासून एक दिवस सरळ बोलला नाही हा मानूस. बोलते, अन मंग गुपचूप भांडी घासते." आणि ती तिथेच रडू लागली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा बाबांसमोर रडली. बाबांनी तिला जवळ बोलावलं. त्या दिवसापासून तीही ओट्यावर येऊन बसू लागली, आणि घरातलं ते "बरं वाटन" आपोआप बंद पडलं.

चुका वाढतच गेल्या. बाबांना कारलं आवडे, असं आलं. बाबांनी कबड्डीत ढाल जिंकली, असं आलं. बाबांनी सांगितलं की ते पहिल्याच चढाईत बाद झाले आणि काकाच ओरडले, हा आमच्या गावचा नाही. मग एका संध्याकाळी भिंतीवर आलं, "जन्म रायपूरचा." तेव्हा मला संशय आला. दोघं एका गावचे, एकाच दाईच्या हातचे. हे विसरायला माणसाला वेडच लागलेलं पाहिजे, आणि काका दुसरं काहीही असतील, विसराळू नव्हते.

घरी खाटेवर टेकवताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, काका मुद्दाम चुकून राहिले का?"

बाबांनी डोळे मिटले. नळीतून हवा सूं सूं करत होती. "मले पहिल्या दिवशीच समजलं," ते म्हणाले. "चुकू दे. मी बी मुद्दाम भांडतो. तुले काय वाटते, माह्यात भांडाची ताकद आहे? पन नाही भांडलो, तं तो उद्या काय कापन?" जरा थांबून म्हणाले, "त्याले नको सांगू."

पुढे बाबांचं बोलणं कमी होत गेलं. आम्ही त्यांना उचलून नेत होतो, ते वाचत होते, कधी नुसता हात हलवून "चूक" म्हणत होते. काका तेवढ्यावर पाऊण तास भांडत, दोघांच्याही बाजूने. मग एका संध्याकाळी नवी ओळ आली: "खारूनच्या पुरात पोहून पलीकडे गेला." खारून म्हणजे रायपूरची नदी, आणि बाबांना पाण्याची इतकी भीती, की आंघोळीलाही ते लोटा दूर धरून अंगावर पाणी घेत. काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. बाबांनी ओळ वाचली, ओठाचा कोपरा किंचित हलला. "आज राहू दे," म्हणाले.

सकाळी आईने चहा आणला तेव्हा ते गेले होते.

त्या दिवशी काका भिंत बघायला आले नाहीत. सरळ आत आले, खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि नेईपर्यंत तिथेच होते.  मला वाटलं होतं, मी रडेन आणि काका काहीतरी विचित्र बोलतील आणि मला हसू येईल. तसं काही झालं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भिंत मीच पुसली. फडकं काळं झालं, पुन्हा धुतलं, पुन्हा काळं झालं. त्या धुळीचा मला इतका राग आला की हाताची साल निघेपर्यंत घासत राहिले.

पुण्यानुमोदनाला सगळा पारा होता. बाबा मनमिळाऊ होते, हसतमुख होते आणि कष्टाळू होते, असं तिघांनी सांगितलं. दिवेलागणीला काकांनी बल्ब लावला.

"देवराव मेश्राम.
रोज उशिरा आला, पण आला.
प्रत्येक सिनेमात रडला.
बायकोला उलटून बोलला आणि भांडी घासली.
खारूनच्या पुरात पोहून पलीकडे गेला."

लोक आधी हसले, मग डोळे पुसू लागले. माझी आत्या शेवटच्या ओळीवर अडली. "देवराव? पोहून? त्याले तं डबक्याचं भेव वाटे." तिने दोन-तीनदा मोठ्याने विचारलं. काका पाठमोरे होते, ते वळेपर्यंत ती जेवणाच्या पंगतीकडे निघून गेली होती.

बाकीचे पत्रे एकदाच लागतात, मग काका ते घरच्यांना देऊन टाकतात. बाबांचा दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच पत्रा पुन्हा लागला, तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला, महिना झाला. ऑटोवाला मला म्हणाला, "दीदी, रोज-रोज मरे आदमी का नाम अच्छा नहीं लगता, आप समझाओ।" आई काही म्हणत नव्हती, पण तिन्हीसांजेला घराबाहेर पडेनाशी झाली. मला वाटलं, पोहायची ओळ दुरुस्त करून घ्यावी, पत्रा मागून आणावा, आईच्या ट्रंकेत ठेवावा आणि हे संपवावं. कुठेतरी संपायला पाहिजेच.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तशीच पर्स घेऊन गल्ली ओलांडली. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. एकीत काका, दुसरी रिकामी. मी तिच्यात बसले. समोर आमच्या भिंतीवर बाबांचं नाव. धूळ पुन्हा बसली होती, त्यामुळे अक्षरं मळकट दिसत होती.

मी म्हटलं, "काका, ते पोहायचं चूक आहे."

काका इतक्या झटकन वळले की खुर्ची कलली. "चूक आहे न?" ते म्हणाले. "काय चूक आहे? सांग न, माय, काय चूक आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. दाढी वाढली होती, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या.

"मी रोज बसतो इथं," ते म्हणाले. "वाटते, आता तो म्हनन. सारे म्हनतात चांगलं लिहिलं, चांगलं लिहिलं. तुही आत्या बोलली, पन ती उत्तर आयकाले थांबली नाही. माह्या चुका काढनारा तो एकच होता. आता मी किती बी चुकलो तं कोनाले काय?"

सांगायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. बाबांना पोहता येत नव्हतं, ओळ काढा, पत्रा आमच्याकडे द्या. एवढंच बोलायचं होतं. मी पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीत मागे टेकले.

"बसनं लय दमली मी आज," मी म्हटलं. "उद्या सांगते."

"हव," काका म्हणाले. "उद्या ये. मंग भांडू."